४८८०८१५१ ला भाग जात नाही

९ जानेवारी. ऑफिस, दुपारी ३.१०

आजपासून रोजनिशी. कारण आज शोध लागला आहे, आणि शोधाची तारीख कुठेतरी लिहिलेली असावी लागते. नंतर लोक भांडत बसतात.

कोपऱ्यावरच्या लाँड्रीचं पाण्याचं मीटर दुरुस्तीला आलं. तक्रार: उलटं फिरतं. बाकावर घेतलं, काच पुसली, नंबर वाचला आणि हात थांबला. ४८८०८१५१. बावीस वर्षं या खात्यात मीटरं तपासतोय, हजारो नंबर डोळ्यांखालून गेले, पण असा नंबर झाला नाही. याला कशानेच भाग जाणार नाही असं आतून वाटलं. लगेच चिठ्ठी घेतली. दोनने नाही. तीनने नाही, अंकांची बेरीज ३५. पाचने नाही. सातने भागत असताना साहेबांचा फोन आला, तो खांद्यावर धरून भागाकार चालूच ठेवला. बाकी २. अकराने नाही.

म्हणजे मूळ संख्या. एक आणि स्वतः सोडून कोणाच्या बापाला दाद देणार नाही. थोडीफार माझ्यासारखीच.

साहेब फोनवर काय म्हणाले ते आठवत नाही.

त्याच दिवशी. घरी, संध्याकाळी ७.१५

नुसतं आतून वाटून चालत नाही, सिद्ध करावं लागतं. संख्येचं वर्गमूळ ६९८६ च्या आसपास. तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायचं. एकानेही भाग गेला नाही की झालं. हाताने करणार. कॅल्क्युलेटर म्हणजे कुबड्या. मोबाइलला विचारणं म्हणजे कॉपी.

एकच अडचण. मुलगी बारावीला आहे, मार्चमध्ये परीक्षा. रोज सात ते साडेआठ तिची गणिताची शिकवणी मी स्वतः घेतो. बाहेर क्लास लावला नाही. माझा आवाज मोठा असल्याने आजूबाजूच्या चार घरांतल्या मुलांनाही फुकटात लाभ होतो. तरी मुलगी कच्चीच. काही विचारलं की खाली मान घालून बसते. मी दुप्पट आवाजात विचारतो, तरी तेच.

आज ती वहीत डोकावली. आकड्याकडे अर्धा मिनिट बघितलं. म्हणाली, बाबा, हे तर... तेवढ्यात मी घरात जाहीर केलं की ही संख्या हातावेगळी होईपर्यंत शिकवणी बंद. तिने तोंड मिटलं. काय म्हणत होतीस विचारलं तर म्हणाली, काही नाही, छान आहे आकडा.

आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून कसलासा आवाज आला. रडली असणार बिचारी. पण विज्ञानापुढे इलाज नाही.

१० जानेवारी

संकल्प. उद्यापासून पहाटे पाचला उठणे. ऑफिसपूर्वी दहा भागाकार, ऑफिसनंतर दहा. फेब्रुवारीअखेर काम फत्ते. मार्चमध्ये आठ-दहा दिवस मुलीला झणझणीत शिकवणी देऊन तिचं नुकसान भरून काढता येईल.

११ जानेवारी. सकाळी ८.२०

गजर झाला नाही. ही म्हणते झाला, मीच बंद केला. झोपेत केलेल्या गोष्टीला मी जबाबदार नाही.

१९ जानेवारी

भागायचं कशाने, याची यादीच आठ दिवस चालली. ६९८६ पर्यंतच्या सगळ्या संख्या मांडून दोनाच्या पटीतल्या खोडायच्या, मग तीनाच्या, मग पाचाच्या, असं करत उरतील त्या मूळ. जुन्या रजिस्टरांचे कोरे कागद चिकटवून सतरंजीएवढा तक्ता केला. जेवणाच्या टेबलावर मावेना म्हणून जमिनीवर पसरला. ही शिवणकाम करते, तिला वाटलं मी कापडाचा पॅटर्न काढतोय. कोणासाठी शिवताय म्हणाली.

उरल्या ८९८ संख्या. हिला समजावून सांगितलं की मूळ संख्या म्हणजे जिचे समान तुकडे पडत नाहीत. तर म्हणते, जे कापता येत नाही त्याचा उपयोग काय?

पळसाला पाने तीनच. जिथे जावं तिथे शिंपी.

२७ जानेवारी

शंभराच्या आतल्या पंचवीसही संपल्या. २, ३, ५, ७, ११ पहिल्याच दिवशी झाल्या होत्या, त्या पुन्हा करण्यात अर्थ नाही. तेवढा वेळ वाचवला. १९ ने मात्र जवळजवळ गेलाच होता. बाकी १. एकाने वाचला माझा आकडा.

आणखी एक गुण सापडला. चारने भागलं की तीन उरतात. अशी संख्या कुठल्याही दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. म्हणजे कोणी कितीही प्रयत्न करा, हा आकडा दोघांच्या बेरजेत बसणार नाही. याला म्हणतात स्वाभिमान. ऑफिसात हे तिघांना सांगितलं. तिघांनाही एकदम काम आठवलं.

रोज वीसचं रोज दोनवर आलंय. पाया भक्कम व्हायला वेळ लागतो.

४ फेब्रुवारी

भांडारातल्या माणसाने माझं रजिस्टर परत पाठवलं. याला आम्ही लालपेन म्हणतो. दर आठवड्याला तपासलेल्या मीटरांचे नंबर मी लिहून पाठवतो, आणि दर आठवड्याला हा त्यातल्या चार-पाच नंबरांवर लाल फुली मारून परत पाठवतो. नंबर चुकीचा उतरवला आहे, पुन्हा बघा. मीटर त्याच्यासमोर नसतं! आणि पुन्हा बघितलं की चूक निघते. हा योगायोग अठरा वर्षं चालू आहे. शुद्ध खुनशीपणा. माणसाला दुसऱ्याचं वाईट व्हावंसं वाटत असलं की नेमकं दिसतं.

त्याला माझ्या संशोधनाबद्दल अवाक्षर सांगणार नाही. चोरून नेईल.

१६ फेब्रुवारी

लाँड्रीवाला भेटायला आला. मीटर माझ्या टेबलावर आहे, त्याच्याकडे मीटरच्या जागी तात्पुरता पाइप जोडलेला आहे. म्हणजे पाणी येतं, मोजलं जात नाही. मला वाटलं तक्रार करेल. त्याला सगळं समजावलं. माणूस शिकलेला नाही, पण जाण केवढी! पूर्ण पाऊण तास ऐकलं. म्हणाला, साहेब, अजिबात घाई करू नका, शास्त्र आहे हे. वर्ष लागलं तरी लागू दे. निघताना माझे दोन शर्ट इस्त्रीला घेऊन गेला, पैसे नको म्हणाला.

या शहरात मला ओळखणारा एक तरी माणूस आहे.

२ मार्च

उद्या मुलीचा गणिताचा पेपर. १५१ संख्या झाल्या आहेत, ७४७ बाकी. तरी बापाचं काळीज. म्हटलं, एक दिवस संशोधन बाजूला ठेवतो, ये, बस, संध्याकाळभरात अख्खं पुस्तक उरकून टाकू.

मुलीचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, नको बाबा, तुमचा आकडा महत्त्वाचा आहे. हीसुद्धा मशीन थांबवून म्हणाली, अहो, तुम्ही आकडाच बघा.

दोघींनी माझं काम एकदाचं ओळखलं. भरून आलं.

११ मार्च

काळा दिवस. १०१३ ने भागलं आणि बाकी शून्य.

जेवण गेलं नाही. ऑफिसला कळवलं की ताप आहे. साहेबांनी मीटरचं काय झालं विचारलं, म्हटलं तेच तपासतोय.

१३ मार्च

पाच वेळा तपासलं. पाचव्या वेळी चूक सापडली, एका जागी ८ च्या ऐवजी ३ उतरवला होता. खरी बाकी ७९८. देव आहे!

या प्रसंगातून शिस्त शिकलो ती लिहून ठेवतो. बाकी शून्य आली की पाच वेळा तपासायचं. शून्य आली नाही की विश्वास ठेवायचा. मोठमोठे शास्त्रज्ञ याच पद्धतीने काम करत असणार.

५ एप्रिल

दुसरा शोध! जुनी अठ्ठावीस रजिस्टरं चाळली (साहेब दौऱ्यावर होते). आमच्या खात्यातल्या एकाही मीटरचा नंबर ७, ८ किंवा ९ वर संपत नाही. एकाही! जिथे संपतो तिथे लालपेनची फुली. बावीस वर्षांत हे कोणाच्याही लक्षात आलेलं नाही. कंपनीकडे या अंकांचे ठसे नसावेत असा निष्कर्ष काढला. मग लक्षात आलं की माझ्याच नंबरात मध्ये तीन आठ आहेत. सुधारित निष्कर्ष: ठसे आहेत, पण शेवटच्या जागेवरचे मोडले आहेत.

कंपनीला पत्र टाकलं. उत्तर येईलच.

२८ एप्रिल

आता वेग पकडलाय. रोज पंधरा-सोळा. ऑफिसातही करतो. बाकावर मीटरांची रांग लागली आहे, ती मागच्या खोलीत हलवली म्हणजे लक्ष विचलित होत नाही. ५५० व्या संख्येवर पोचलो, म्हणजे चार हजार ओलांडायला आलो.

२ जूनला खात्याची वार्षिक बैठक. साहेबांना म्हटलं, मला फळा आणि दहा मिनिटं हवीत. खात्याचं नाव होईल असं काहीतरी आहे. साहेब म्हणाले, पाच मिनिटं, आणि आधी लाँड्रीचं मीटर बसवा. पाच मिनिटं म्हणजे पंधरा होतातच. मीटरचं कार्यक्रमानंतर बघू, व्यासपीठावर ठेवायला लागेल.

२० मे

मुलीचा निकाल. गणितात ९७.

ही मूळ संख्या आहे हे मी लगेच सांगितलं. शिकवणी जानेवारीत थांबली, निकाल मेमध्ये. म्हणजे मी घातलेला पाया किती खोल होता बघा. आजूबाजूच्यांना पेढे वाटताना हेच सांगितलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, यंदा संध्याकाळी तुमच्याकडून आवाज येत नव्हता, आमच्या मुलालाही बरे मार्क पडले. याचा अर्थ कळला नाही.

मुलीला बक्षीस म्हणून माझ्या आकड्याचे सर्व गुणधर्म सांगितले. तिने सगळं ऐकून घेतलं. फक्त विचारलं, बाबा, सगळ्यांनी भागून झालं का? म्हटलं, थोड्या राहिल्यात. म्हणाली, सावकाश करा.

२४ मे

मुलगी कसलासा फॉर्म ठेवून गेली आहे. दुसऱ्या गावच्या कॉलेजात प्रवेश, पालकांची सही, माझ्या ऑफिसचा दाखला. शेवटची तारीख १२ जून. तिने तीनदा सांगितलं की वेळेत गेला नाही तर जागा जाईल. आजकालच्या मुलांना प्रत्येक गोष्टीची घाई. माझ्या मते तिने कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स करावा आणि घरीच राहावं. कुठला विषय घेतेय कोण जाणे. एक आकडा संपवतो, मग बघतो.

२९ मे

थोडा घोटाळा झाला. काल कोरे कागद संपले होते. ६५५१ पासून ६६५३ पर्यंतचे भागाकार ज्या कागदाच्या मागे केले तो मुलीचा फॉर्म निघाला. पुढच्या बाजूलाही थोडे उतरले आहेत, फोटो चिकटवायच्या चौकोनात.

मुलगी कागदाकडे बघत उभी राहिली. डोळे भरले होते. एका भागाकारात हातचा विसरलाय, एवढंच म्हणाली, आणि दुसरा फॉर्म आणायला गेली. हातचा खरंच विसरला होता. असं अंदाजाने कधीकधी बरोबर येतं.

३० मे. सायंकाळी ६.०५

संपलं!! ८९८ वी संख्या ६९८३. बाकी ३९६४. एकशे बेचाळीस दिवस. जगात हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही.

हिला हाक मारली. म्हणाली, आता टेबल मोकळं होईल का?

२ जून. सकाळी ७

आज बैठक. लाँड्रीवाल्याने इस्त्री केलेला पांढरा शर्ट. भाषण आरशासमोर चार वेळा म्हटलं. टाळ्यांसाठी तीन ठिकाणी थांबायचं ठरवलंय. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

२ जून. संध्याकाळी

लिहिण्यासारखं विशेष नाही.

३ जून

खरं तर रोजनिशीशी प्रामाणिक राहायला हवं. ती माझ्याशिवाय कोणी वाचत नाही.

चाळीस माणसं होती. फळ्यावर आकडा लिहिला. मीटर टेबलावर ठेवलं. ८९८ चा इतिहास सांगितला. पहिल्या ठिकाणी थांबलो, टाळ्या नाहीत. दुसऱ्या ठिकाणी थांबलो तेव्हा मागच्या रांगेतून लालपेन उभा राहिला. शांतपणे म्हणाला, सातने जातो की हा.

मी हसलो. म्हटलं, सात पोराटोरांचं काम, ते पहिल्याच दिवशी झालंय. तो म्हणाला, करून दाखवा. मी दाखवायला गेलो. सात सक बेचाळीस, सहा उरले, असं करत शेवटी एकवीस राहिले, सात त्रिक एकवीस. बाकी शून्य.

माझ्या नियमाप्रमाणे पाच वेळा तपासायला हवं होतं. तीनदा तपासलं, मग खडू मोडला. म्हटलं, फळा ओला आहे. कोणीतरी म्हणालं, नाचता येईना अंगण वाकडे. सगळे हसले. साहेबही.

मग लालपेनने सांगितलं. आपल्या खात्यातला प्रत्येक मीटर नंबर सातने जातो. नंबराचा शेवटचा अंक मुद्दाम असा घालतात की पूर्ण नंबराला सातने भाग जावा. उतरवताना एक जरी अंक चुकला की बहुतेक वेळा बाकी उरते आणि चूक पकडली जाते. म्हणून शेवटी शून्य ते सहाच अंक येतात. तो अठरा वर्षं माझी रजिस्टरं सातने भागून तपासतोय. तसं परिपत्रक आहे, त्यावर सगळ्यांच्या सह्या आहेत. माझीही.

म्हणजे गोदामातल्या सगळ्या मीटरांत मिळून एकही मूळ संख्या नाही. असू शकतच नाही. मी त्यातून एक निवडली.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

४ जून

९ जानेवारीची चिठ्ठी शोधून काढली. उलगडा झाला. आमच्या बाकावर हात कायम ओले असतात, शाई फुटते आणि शून्याचा आठ होतो. म्हणून आम्ही बाकावरचे लोक शून्य लिहीत नाही, नुसतं टिंब देतो. चिठ्ठीवर ४८८.८१५१ असं आहे. फोनच्या गडबडीत मला ते टिंब म्हणजे पाण्याचा शिंतोडा वाटला. त्यामुळे सातचा भागाकार टिंब सोडून झाला. बाकीचे ८९७ भागाकार शंभर टक्के बरोबर आहेत.

म्हणजे ८९८ पैकी ८९७. टक्केवारी काढली तर मुलीपेक्षा जास्त.

८ जून

साहेबांनी दोन कामं दिली. एक, लाँड्रीचं मीटर आजच्या आज स्वतः जाऊन बसवणे. बसवलं. लाँड्रीवाला म्हणाला, एवढ्यात झालं शास्त्र? मग म्हणाला, पुढचे शर्ट रोखीने. दोन, पुढचे सहा महिने भांडारात लालपेनच्या हाताखाली बसून सगळे नंबर सातने भागून बघणे.

माझ्या गणिती कौशल्याची खात्याने उशिरा का होईना दखल घेतली. असं हिला सांगितलं. तिने सुईत दोरा ओवला.

१० जून

मुलीने नवा फॉर्म आणून समोर ठेवला. आज पहिल्यांदा वाचला. विषय: गणित.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, या घरात यापुढे गणिताचं नाव काढायचं नाही. गणित भल्याभल्यांना झेपत नाही, तुला काय झेपणार? ९७ एकदा पडतात. मी सही करणार नाही, ऑफिसचा दाखलाही आणणार नाही. पूर्वीच्या आवाजात बोललो. बऱ्याच महिन्यांनी घसा मोकळा झाला.

पूर्वी ती खाली मान घालायची. या वेळी सरळ माझ्याकडे बघत उभी राहिली. म्हणाली, परवा शेवटची तारीख आहे. बास, एवढंच.

१२ जून. दुपारी १.३०

ही सकाळी शिवणकाम सोडून माझ्या ऑफिसात गेली. साहेबांकडून दाखला घेतला. लालपेनने म्हणे स्वतः शिक्का मारून दिला. मी पलीकडच्याच टेबलावर सातने भागत होतो, मला कोणी काही विचारलं नाही. मग पालकांच्या रकान्यात हिने स्वतः सही केली. मुलीने पावणेबाराला फॉर्म भरला.

घरी आल्यावर म्हटलं, मला विचारायचं तरी. ही म्हणाली, अहो, पाच महिने तुम्हाला काहीही विचारलं की तुम्ही म्हणायचात, आकडा संपू दे. आता संपलाय ना? मग जेवून घ्या.

हिची सही मी लग्नानंतर पहिल्यांदाच नीट बघितली. ठाम आहे. खाली रेघ मारते.

२७ जून

मुलगी गेली. एसटी स्टँडवर पोचवायला गेलो होतो. बॅग मीच वर चढवली. गाडी सुटायला दहा मिनिटं होती, म्हणून म्हटलं, बघ ना, साधं सातने जात होतं आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणाली, माझ्या आलं होतं. पहिल्याच दिवशी.

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, बोलत होते, तेवढ्यात तुम्ही म्हणालात की आकडा सुटेपर्यंत शिकवणी बंद. मग वाटलं, नको सुटायला. तुम्ही भागत बसलात की मला शांतपणे अभ्यास करता यायचा. तुम्ही ओरडायला लागलात की मला येत असलेलंही विसरायला व्हायचं, बाबा. लहानपणापासून.

हे तिने रागाने सांगितलं नाही. रागाने सांगितलं असतं तर उत्तर देता आलं असतं. कंडक्टरने बेल मारली.

घरी येताना हिशेब मांडला. मी भागत बसलो म्हणून तिला शांतता मिळाली, शांतता मिळाली म्हणून ९७. म्हणजे श्रेय माझंच. हिला हे सांगायला गेलो, पण सांगितलं नाही.

२९ जून

संकल्प. मुलीला रोज संध्याकाळी सात वाजता फोन करून अभ्यास विचारणे. आवाज मध्यम.

१ जुलै

फोन केला नाही. रेट महाग असतील. ही म्हणते फुकट असतो.

५ जुलै. रविवार

मुलीचा फोन आला. हिच्याशी वीस मिनिटं बोलली. खोली चांगली आहे, खिडकी आहे, वर्गात तेरा जण आहेत. मी दारापाशी उभा होतो. फोन ठेवताना हिने विचारलं, बोलायचंय का?

घेतला. तब्येत विचारली. मग म्हटलं, अगं, भांडारात एका सहकाऱ्याला एक गोष्ट समजत नाही, त्याच्यासाठी विचारतोय. तो शेवटचा अंक काढतात कसा?

म्हणाली, सोपं आहे, लिहून घ्या. समजा बारा आहे. पुढे शून्य द्या, एकशे वीस झाले. सातने भागा, बाकी किती? म्हटलं, एक. मग शेवटचा अंक कुठला? म्हटलं, एक. म्हणाली, नाही, सात पूर्ण व्हायला अजून किती हवेत ते बघा. म्हटलं, सात. म्हणाली, एक तर आहेच ना, बाबा. मग म्हटलं, पाच. मी फोन कानापासून जरा लांब धरला, आमच्या घरी चुकीच्या उत्तरानंतर आवाज चढतो. पण पलीकडून ओरडा आला नाही. म्हणाली, हरकत नाही, पुन्हा सुरुवातीपासून करू. पेन आहे ना हातात?

मी चार वेळा चुकलो. ती एकदाही ओरडली नाही.

मला फार लाज वाटली. ऐकू येत नाहीये, रेंज गेली बहुतेक, असं म्हणून मी फोन ठेवून दिला.